हवामान बघून पाणी दिलं तर खरंच पाणी वाचतं का? शेतकरी तसं करतात का?

वाचतं, आणि करतातही, फक्त मोबाईलवर तापमान बघून नाही. आमची शेती निफाडकडची, द्राक्ष, कांदा, थोडा गहू, त्यामुळे तिथलंच सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे नुसतं ऊन बघू नका, कोरडी हवा आणि वारा पण तेवढंच पाणी ओढतात. एप्रिलमध्ये उघड्या पाण्याचं बाष्पीभवन दिवसाला 8-10 मिमीपर्यंत जातं, थंडीत ते 3-4 वर येतं, म्हणजे तेच पीक तेवढंच असलं तरी पाणी निम्म्याहून कमी लागतं. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला पण बाष्पीभवनावरच असतो, ड्रिप किती वेळ चालवायचं ते त्यावरून काढता येतं.

पावसाचं म्हणाल तर 1 मिमी म्हणजे एकरी साधारण 4 हजार लिटर, म्हणून 5 मिमीची सर आली की कागदावर 20 हजार लिटर मिळाले असं वाटतं, पण उन्हाळ्यात ते वरची माती भिजवून दुसऱ्या दिवशी उडून जातं, मुळापर्यंत काहीच पोचत नाही, त्यामुळे अशा सरीवर मोटर बंद ठेवू नका. 25-30 मिमी मुरवणीचा झाला तर काळ्या जमिनीत वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहीपर्यंत, मोटरला हात लावायचा नाही.

थंडीचं तर उलटंच असतं. वेलीला गरज कमी, तरी निफाडला पारा खाली आला की लोक पहाटे उठून बागेला पाणी सोडतात. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं, वाफ निघताना दिसते अक्षरशः, आणि ओल्या जमिनीत ऊब टिकते. ते पाणी तहानेसाठी नसतं, बाग वाचवायला असतं. गव्हाला ओंब्या भरताना जोराचं वारं असेल तर मात्र पाणी द्यायचंच नाही, सगळा गहू लोळतो.

आता खरी अडचण. हवामान कळून उपयोग काय, जर पाणी आपल्या हातात नसेल? कालव्याचं आवर्तन आलं की ढग असोत नाहीतर काही असो, माणूस पाणी घेतोच, कारण पुढची पाळी कधी येईल याची खात्री नसते, आणि थ्री फेज लाईट रात्रीची असली तर मोटर चालू करून लोक झोपतात, वाफे भरून वाहिले तरी कोण बघणार. याला शेतकऱ्याचा आळस म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. दिवसा खात्रीची लाईट द्या, निम्मी उधळपट्टी तिथेच थांबेल असं माझं ठाम मत आहे.

आणि पावसाचा खंड पडला की पुढचा हंगाम पण जातो. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, सोयाबीन ऐन फुला-शेंगात, लोकांनी स्प्रिंकलर लावून विहिरी उपसल्या, रब्बीसाठी राखायचं पाणी खरिपातच संपलं, मग बऱ्याच जणांनी कांदा, गव्हाचं क्षेत्रच कमी केलं.

तुम्ही नवीन असाल तर अॅपवर पावसाचा अंदाज जरूर बघा, पण पाणी द्यायच्या आधी वीतभर खोल माती काढून मुठीत दाबा, गोळा होत असेल तर काळ्या जमिनीत घाई करू नका, फुटून भुगा होत असेल तर सोडा पाणी.