केनियाहून आल्यापासून मुलगी बदलली आहे

"आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाबरोबर मुलगी दोन आठवडे केनियाला सेवेसाठी गेली होती. आल्यापासून रात्री दचकून उठते, भरल्या ताटावरून उठून जाते, काही विचारलं की 'तुम्हाला नाही कळायचं' म्हणते. तिकडे काही वाईट घडलं असेल का?" भायखळ्याच्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आईची ही शंका आधी तपासणं गरजेचं होतं. त्यामुळे आईला बाहेर बसवून मुलीला थेट विचारलं: कुणी त्रास दिला का, कुणाबरोबर एकटं राहावं लागलं का, 'घरी सांगू नकोस' असं कुणी बजावलं का? तसं काही झालं नव्हतं. पुढचा प्रश्न होता, मलेरियासाठी कोणती गोळी घेतेस?

हे घरात सहसा कुणी विचारत नाही. गट किसुमूजवळ, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी होता. तिथे मलेरियाचा धोका मोठा, म्हणून प्रतिबंधक औषध लागतंच. तिला मेफ्लोक्विन मिळालं होतं. आठवड्याला एक गोळी, निघण्याच्या किमान दोन आठवडे आधीपासून ते परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. या औषधाने काहींना भयानक स्वप्नं पडतात, झोप उडते, धास्ती किंवा उदासी येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. नैराश्य किंवा चिंतेचा आजार होऊन गेलेल्यांना ते देऊ नये. या मुलीला बारावीत चिंतेसाठी उपचार घ्यावे लागले होते. फॉर्मवर तिने ते लिहिलं नाही, कारण फॉर्म गोळा करणारे संघातलेच मित्र होते. अशी माहिती बंद पाकिटात, फक्त डॉक्टरांकडे जायला हवी.

गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, परतल्यावरही मलेरिया उद्भवू शकतो. डॉक्टरांनी औषध बदलून डॉक्सीसायक्लिन दिलं. मेफ्लोक्विन शरीरातून जायला कित्येक आठवडे लागतात, तेव्हा झोप लगेच सुधारणार नाही हे आईला आधीच सांगून ठेवलं.

चिडचिडीचं मूळ मात्र वेगळं होतं. बालगृहातल्या एका चिमुरडीला तिने "मी परत येईन" असा शब्द दिला होता. रविवारी मंडळीपुढे साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, उभं केलं तेव्हा आनंदाचं तेवढं सांगितलं, बाकीचं गिळलं. बालगृहातली मुलं येणाऱ्या प्रत्येक गटाला जीव लावतात आणि प्रत्येक वेळी सोडली जातात. ही गोष्ट तरुणांना निघण्याआधीच शिकवायला हवी: परत येण्याचं वचन नको, आपला नंबर द्यायला नको, निरोप आदल्या दिवशी सांगून आणि तिथल्या कायमच्या ताईंच्या देखत घ्यायचा. या मुलीने संस्थेमार्फत पत्र पाठवलं. सध्या येणं जमणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं.

"देवाचं काम केलंस, मग रडतेस कशाला?" हे वाक्य आईने टाळायचं ठरलं. त्याऐवजी "तिथे सकाळी काय करायचात?" असा साधा प्रश्न, आणि उत्तर आलं नाही तर गप्प बसणं. पाळकसाहेबांनीही गटाला पुन्हा एकत्र बसवलं, या वेळी साक्ष नाही आणि फोटोही नाहीत.

आफ्रिकेहून परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर प्रवासाचं डॉक्टरांना आवर्जून सांगून त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करावी. औषध बदलल्यावरही उदासी हटत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. मरणाचे विचार बोलून दाखवले तर मात्र वाट पाहू नये, एकटं सोडू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालू असतो.