वडिलांची अडीच वाजताची जाग आणि संध्याकाळचं काम

तू लिहिलंयस की बाबा ७३ चे आहेत, आई गेल्यापासून साडेआठलाच आडवे होतात, रात्री अडीचला टक्क जागे, आणि दुपारी झोपाळ्यावर दीड तास डोळा लागतो. गोळी सुरू करू का, की कुठे सेवेच्या कामाला लावू म्हणजे दमून झोपतील, असा प्रश्न आहे.

अगं आधी बेरीज कर. रात्रीचे सहा तास आणि दुपारचा दीड, साडेसात झाले की. पासष्टीनंतर सात-आठ तास पुरतात. म्हणजे झोप कमी नाहीये, ती लवकर सुरू होते म्हणून लवकर संपते. वय वाढलं की शरीराचं घड्याळ तसंही अलीकडे सरकतं, त्यात घरात संध्याकाळी बोलायला कोणी नाही, मग माणूस दिवा मालवून पडणार नाही तर काय करणार?

म्हणून काम शोधायचं ते दमवायला नाही, संध्याकाळी जागं ठेवायला. सगळे म्हणतात पहाटे बडोद्याच्या कमाटीबागेत फिरायला पाठवा, पण ज्याला आधीच अडीचला जाग येते त्याला पहाटेचा उजेड आणखी लवकर उठवतो, संध्याकाळचा उजेड झोपेची वेळ पुढे ढकलतो. बाबांना पाच-साडेपाचला बाहेर काढ.

माझं सांगते. आमचे हे गेले तेव्हा मीही झोपेची अर्धी गोळी घ्यायचे, कोणाच्या तरी सांगण्यावरून. एका रात्री बाथरूमला उठले, तोल गेला आणि मनगट मोडलं. आमच्या वयात या गोळ्यांनी तोल जातो, विसरायला होतं, म्हणून म्हाताऱ्या माणसांना त्या शक्यतो देऊच नयेत असं डॉक्टर लोकांच्या याद्यांमधेच आहे. (आधीपासून चालू असेल तर एकदम बंद करू नका हं, माझी डॉक्टरांनी हळूहळू कमी केली.) नंतर आमच्या कामवाल्या बाईंची मुलगी गणित घेऊन यायला लागली, मग तिच्या मैत्रिणी आल्या, आता दांडिया बाजारच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधे सहा ते साडेसात शिकवणी चालते. मुली वाट बघतात म्हणून मी साडेपाचलाच तयार, नंतर जेवण, आवराआवर, पलंगाला पाठ टेकते ते सव्वादहाला. ही सवय बसायला दोनेक महिने लागले, आठवड्यात काही होत नाही.

अमेरिकेत बाल्टिमोरला एक्स्पिरिअन्स कोअर म्हणून प्रकल्प होता, तिथे साठीच्या पुढची माणसं शाळेत जाऊन लहान मुलांना वाचायला मदत करायची, आठवड्याला १५ तास. बाबांना एवढं नको. दोन संध्याकाळी, ठरलेली वेळ, चालत जाता येईल असं ठिकाण, आणि कोणीतरी त्यांची वाट बघणारं हवं. दवाखान्यात पेशंटजवळ बसायची सेवा मात्र आत्ता नको, आईचं जाणं अजून ताजं आहे.

दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासावर आण. चारनंतर चहा नको. अडीचला जाग आली तर पलंगावर तळमळत पडू नये, उठून खुर्चीत बसावं, मंद दिव्यात काही वाचावं, डोळे जड झाले की परत आडवं व्हावं.

पण ते जोरात घोरत असतील, झोपेत मधेच श्वास अडकत असेल, लघवीला सारखं उठत असतील, किंवा जेवण तुटलंय, कशातच मन लागत नाही असं दिसत असेल तर हे सगळं बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरकडे ने. त्यावर शिकवणी हा उपाय नाही.

बाबा नोकरी कुठली करायचे ते लिही, त्यावरून काय काम जमेल ते सुचवते.