‘कर्तव्यबुद्धी’तली बुद्धी

प्रश्न असा आहे: जर्मन तत्त्वज्ञ कान्टच्या नीतिविचारावर लिहिताना ‘कर्तव्यबुद्धीने’ म्हणावं की ‘कर्तव्यभावनेने’? सूडबुद्धी, भेदबुद्धी यांत विचाराचा लवलेश नसतो, मग कर्तव्याला ‘बुद्धी’ जोडून काय साधतं?

मी निःसंकोच ‘कर्तव्यबुद्धीने’ लिहीन.

‘तिची बुद्धी तल्लख आहे’ म्हणतो तेव्हा बुद्धी म्हणजे आकलन. ‘त्याला ही बुद्धी कुठून झाली?’ यात ती इच्छा किंवा हेतू. सूडबुद्धी या दुसऱ्या अर्थाची. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) व्यवसायात्मक (निर्णय करणारी) आणि वासनात्मक (इच्छा करणारी) बुद्धी असा भेद केला आहे, तो याच जातीचा. कान्टच्या नीतिविचारात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात, कारण त्याच्या मते संकल्पशक्ती म्हणजे आचरणात उतरलेली बुद्धीच. ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ या १७८१च्या ग्रंथात त्याने ज्ञानाच्या प्रांतात बुद्धीला कुंपण घातलं: ईश्वर, आत्म्याचं अमरत्व, इच्छास्वातंत्र्य तिला सिद्ध करता येत नाही. आचरणात मात्र कायदा तिचाच.

१७८५च्या नीतिविषयक पुस्तकात त्याने एक दुकानदार उभा केला आहे. सगळ्यांना एकच भाव. लहान मूल आलं तरी जास्त पैसे घेत नाही. पण गिऱ्हाईक टिकावं म्हणून तो असं वागत असेल, तर त्याचं वागणं ‘कर्तव्याला धरून’ आहे, ‘कर्तव्यबुद्धीने’ नाही. ‘कर्तव्यदक्ष’ इथे कामाचा नाही, तो हेतूबद्दल काहीच बोलत नाही.

भावनेचा प्रश्न पुढच्या उदाहरणात सुटतो. एक कनवाळू माणूस स्वतःच्या दुःखाने इतका खचतो की दुसऱ्यांविषयी त्याला काहीच वाटेनासं होतं. तरीही, केलं पाहिजे म्हणून तो मदत करतो. त्या मदतीला खरं नैतिक मोल आहे, असं कान्ट म्हणतो. मला हा त्याच्या विचारातला सर्वांत कठोर आणि सर्वांत सुंदर भाग वाटतो. जिथे मायाच आटली आहे तिथे ‘कर्तव्यभावनेने’ लिहिलं की उदाहरणाचा कणाच मोडतो. नैतिक नियमाविषयीचा आदर ही भावना कान्टला मान्य आहे, पण तीही बुद्धीतूनच उपजते.

‘कर्तव्यापोटी’ चुकीचं नाही. फक्त प्रेमापोटी, भीतीपोटी, लोभापोटी अशा शब्दांच्या सहवासाने त्याला ओढीचा वास येतो. निरोप समारंभाच्या भाषणात ते खुशाल वापरावं, ‘कर्तव्यभावनेने’सुद्धा.