सातबारा सासऱ्यांच्या नावावर आणि पती सर्पदंशानं गेले : अपघात अनुदान मिळेल का?

प्रश्न : माझे पती ३६ वर्षांचे होते. गेल्या जुलैत रोप लावणीच्या दिवसांत बांधावर त्यांना घोणस चावली. प्राथमिक आरोग्य केंद्रात सापाची लस दिली, तिथून आम्ही त्यांना खासगी रुग्णालयात हलवलं. चौथ्या दिवशी ते गेले. शवविच्छेदन झालं नाही आणि आम्ही पोलिसांतही गेलो नाही. रुग्णालयाच्या कागदावर मूत्रपिंड निकामी आणि मेंदूत रक्तस्राव असं लिहिलंय. दीड एकर जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे. नोव्हेंबरमध्ये तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेले, तर ‘सातबाऱ्यावर नाव नाही, पीएम (शवविच्छेदन) नाही, अंतर्गत रक्तस्राव योजनेत बसत नाही आणि तीस दिवसही उलटलेत’ असं सांगून कागद परत दिले. सासरे म्हणतात, जमिनीवरचा हक्क सोडल्याचं लिहून दे, मग सातबारा देतो. आणि पैसेही त्यांच्याच खात्यावर यायला हवेत. दोन मुलं लहान आहेत. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : ताई, तुमचा दावा अजून कुणी नामंजूर केलेलाच नाही. खिडकीवरून कागद परत मिळाले एवढंच झालंय. १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानं ‘गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना’ सुरू झाली. तिच्यात प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो, पण मंजूर की नामंजूर हे ठरवते ती तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती. टेबलावरच्या लिपिकाला तो अधिकार नाही. म्हणून पहिलं काम हे की संपूर्ण प्रस्ताव आवक शाखेत द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. घेतच नसतील तर रजिस्टर टपालानं पोचपावतीसह पाठवा आणि एक प्रत तहसीलदारांना द्या. पोच नसेल तर पुढे अपिलात दाखवायला तुमच्या हातात काहीच राहत नाही. बहुतेक प्रकरणं इथंच अडकतात.

आता त्यांच्या चार हरकती एकेक करून घेऊ.

सातबाऱ्यावर नाव नसणं ही हरकत टिकत नाही. हिच्या आधीची अपघात विमा योजना २००५-०६ पासून विमा कंपन्यांमार्फत चालली, तेव्हा बराच काळ फक्त खातेदारालाच संरक्षण होतं आणि अनेकांच्या डोक्यात अजून तेच बसलेलं आहे. २०१९ मध्ये ही कक्षा वाढली. आज वहितीधारक खातेदार शेतकरी आणि खातेदार म्हणून नोंद नसलेला त्याच्या कुटुंबातला एक सदस्य, म्हणजे आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी यांपैकी कुणीही एक, १० ते ७५ या वयात पात्र आहे. सासरे खातेदार आणि तुमचे पती त्यांचा मुलगा, वय ३६. नियमात सरळ बसतं. मृत्यू झाल्यास अनुदान २ लाख रुपये.

इथं एक तांत्रिक अडचण मात्र येईल. कागदपत्रांच्या यादीत गाव नमुना ६-क प्रमाणे मंजूर वारस नोंद मागितलेली असते. पतींचं नाव सातबाऱ्यावर नव्हतंच, त्यामुळे त्यांच्या नावे ६-क ला वारस नोंद होणार नाही, आणि ती आणा म्हणून तुम्हाला गावाहून तालुक्याला नुसते हेलपाटे घालायला लावतील. तेव्हा अर्जातच लिहा की मयत खातेदार नसून खातेदाराचे पुत्र आहेत, म्हणून ६-क लागू होत नाही. त्याच्या जागी नातं सिद्ध करणारे कागद जोडा : रेशनकार्ड, पतींचा शाळा सोडल्याचा दाखला (त्यात वडिलांचं नाव असतं आणि वयाचा पुरावाही होतो), तुमच्या विवाहाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले आणि तलाठ्यांचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांचा, कुटुंबातल्या व्यक्तींबाबतचा दाखला. एका साध्या प्रतिज्ञापत्रात हेही लिहा की खातेदाराच्या कुटुंबातल्या दुसऱ्या कुणासाठी या योजनेचा लाभ घेतलेला नाही.

अंतर्गत रक्तस्रावाची हरकत नीट समजून घ्या, कारण ती ऐकायला बिनतोड वाटते. योजनेच्या अपवादांमध्ये नैसर्गिक मृत्यू, आत्महत्या, नशेत झालेला अपघात, मोटार शर्यत यांच्या रांगेत ‘शरीरांतर्गत रक्तस्राव’ हे शब्द खरोखर आहेत. पण त्याच योजनेत सर्पदंश हा अपघात म्हणून नाव घेऊन मान्य केलेला आहे. घोणशीचं विष रक्ताची गोठण्याची ताकदच मोडतं. माणूस जातो तो रक्तस्रावानं किंवा मूत्रपिंड बंद पडून. म्हणजे हा अपवाद तुमच्या प्रकरणाला लावला, तर घोणशीच्या दंशाचे कितीतरी मृत्यू योजनेबाहेर जातील आणि यादीतला ‘सर्पदंश’ हा शब्द निम्मा निरर्थक होईल. आजारपणातून, आपोआप होणाऱ्या रक्तस्रावासाठी तो अपवाद आहे. मृत्यूचं मूळ कारण दंश आणि रक्तस्राव हा त्याचा परिणाम, अशीच मांडणी अर्जात करा.

ही मांडणी कागदानं सिद्ध करावी लागेल. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या मृत्यू दाखल्यावर कारण नसतं, त्यामुळे तो एकटा पुरत नाही. खासगी रुग्णालयानं मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र निबंधकाला दिलेलं असतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे, तीही मोफत. त्यात तात्काळ कारण आणि त्यामागचं मूळ कारण अशा वेगळ्या ओळी असतात. मूळ कारणाच्या ओळीत सर्पदंश आहे का ते पाहा. नसेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून शिक्का-सहीचं स्वतंत्र प्रमाणपत्र घ्या की हा रक्तस्राव आणि मूत्रपिंडाचा बिघाड सर्पदंशामुळेच झाला.

त्यासोबत पूर्ण इनडोअर केस पेपर, म्हणजे दाखल असतानाच्या उपचारांचे सगळे कागद, लेखी मागा. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारनियमांनुसार रुग्णाचे कागद मागणी आल्यापासून ७२ तासांत द्यायचे असतात आणि दाखल झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवायचे असतात. बिल थकलंय म्हणून ते अडवून ठेवता येत नाहीत. त्या कागदांत शोधायच्या नोंदी तीन : पायावरच्या दंशाच्या खुणा आणि सूज, लसीच्या किती कुप्या दिल्या, आणि रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून गोठतं का ते पाहिल्याचा निकाल. रक्त गोठलं नाही अशी नोंद असेल, तर विषबाधेचा त्याहून चांगला पुरावा शवविच्छेदनातही मिळाला नसता.

शवविच्छेदनाकडे येऊ. इथं तुमची बाजू थोडी लंगडी आहे, हे आधी सांगतो. उपचार मिळण्यापूर्वीच सर्पदंशानं मृत्यू झाला आणि शवविच्छेदन झालं नाही, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर भागवण्याची सूट आहे. तुमच्या पतींवर उपचार झाले, म्हणून ती सूट शब्दशः तुम्हाला लागू होणार नाही असं कुणी म्हणू शकेल. त्याला उत्तर असं : दवाखान्याचा एकही कागद नसलेल्या माणसाला शासन सूट देतं, तर चार दिवसांची दंशाची लेखी नोंद असलेल्याला शवविच्छेदनावर अडवण्याला अर्थ उरत नाही. अहवालाचा हेतू मृत्यूचं कारण कळणं हा आहे आणि ते इथं दुसऱ्या सरकारी कागदातून कळतंय. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र मिळवाच. लस तिथंच दिली, त्यामुळे बाह्यरुग्ण नोंदवहीत आणि लसीच्या साठा नोंदवहीत पतींचं नाव असणार.

‘एफआयआर आणा’ असंही कदाचित सांगतील. सर्पदंशात गुन्हाच नाही, तर एफआयआर कसला? अशा मृत्यूची अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. तुम्ही पोलिसांत गेला नाहीत, पण सर्पदंशाचा रुग्ण आला की आरोग्य केंद्रात सहसा एमएलसी (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची) नोंद करून पोलिसांना कळवतात. तो एमएलसी क्रमांक काढा आणि त्यावरून पोलीस ठाण्यातल्या नोंदीची प्रत मागा. काहीच सापडलं नाही तरी वाट बंद होत नाही : योजनेत प्रथम माहिती अहवाल, स्थळ पंचनामा किंवा पोलीस पाटलांचा माहिती अहवाल यांपैकी एक चालतो. पोलीस पाटलांनी अहवाल आजच्या तारखेनं द्यावा आणि घटना जुलैतली आहे असं त्यात लिहावं. जुन्या तारखेचा पंचनामा ‘करून देतो’ म्हणणारा कुणी ना कुणी भेटेल. त्याच्या नादी लागू नका. एका बनावट कागदानं बाकीचे खरे कागदही संशयात येतात आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

राहिली मुदत. परिपूर्ण प्रस्ताव ३० दिवसांत द्यायचा ही अट आहे आणि तुम्ही चार महिन्यांनी गेलात. प्रस्तावासोबत विलंब माफीचा वेगळा अर्ज द्या. ‘दुःखात होते’ एवढंच लिहिलं तर पुरत नाही. रुग्णालयानं कागद कोणत्या तारखेला दिले, मृत्यू दाखला कधी मिळाला, सासऱ्यांनी सातबारा नाकारला, कृषी कार्यालयात कोणत्या दिवशी गेलात आणि काय सांगितलं गेलं, हे तारखांसह लिहा. योजना विम्याची होती तेव्हा केवळ उशिरावरून दावा फेटाळणाऱ्या कंपन्यांना ग्राहक आयोगांनी अनेकदा चुकीचं ठरवलं. कल्याणकारी योजनेतली मुदत खरा हक्क मारण्यासाठी नसते, हे त्यामागचं सूत्र. ते इथंही मांडता येतं. मात्र आता विमा कंपनी नाही, हप्ता नाही, शासन स्वतः अनुदान देतं. म्हणून ग्राहक आयोगात जाण्याचा सल्ला कुणी दिला तर माझ्या मते ती वाट चुकीची आहे.

समितीनं नामंजूर केलं तर कारणांसह लेखी आदेश मागा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या अपिलीय समितीकडे जा. निर्णयच येत नसेल तर माहितीच्या अधिकारात, दहा रुपये शुल्क भरून, तीनच गोष्टी विचारा : प्रस्तावाची सद्यस्थिती, पाहणी अहवालाची प्रत आणि समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. पुष्कळदा या अर्जानंतरच फाईल हलते. अपिलातही नकार आला तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालंय. वकिलाच्या फीचीही चिंता नको : विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा. कागद जमवण्याच्या टप्प्यावरच केलात तर उत्तम.

सासऱ्यांचा विषय मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे. सातबाऱ्यासाठी त्यांच्या पाया पडायची गरज नाही. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत कुणालाही काढता येतो, खाते उतारा ८-अ सुद्धा. तो कायदेशीर कामाला चालतो, त्यावर तलाठ्याची सही लागत नाही. घटनेच्या वेळी खातं कुणाच्या नावे होतं हे दाखवायला सोबत फेरफाराची नक्कल घ्या.

आणि हक्कसोडपत्रावर सही करू नका. कोऱ्या मुद्रांकावर तर नाहीच. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर पतींचा त्यातला हिस्सा हिंदू उत्तराधिकार कायद्यानं तुमच्याकडे, मुलांकडे आणि सासूबाईंकडे येतो. सासऱ्यांनी स्वतः खरेदी केलेली असेल तर त्यांच्या हयातीत त्यात वाटा मागता येत नाही. पण त्यांनी मृत्युपत्र केलं नाही, तर आधी गेलेल्या मुलाची विधवा आणि मुलं त्यांचे पहिल्या वर्गाचे वारस असतात. जमीन कशी आली हे जुन्या फेरफारांवरून कळेल. मुलांना वारसानं आलेला हिस्सा तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय तुम्हालाही सोडता येत नाही.

अनुदान कुणाला, यावर वाद घालायला जागाच नाही. योजनेनं लाभार्थ्यांचा क्रम ठरवलेला आहे आणि त्यात मृताची पत्नी पहिली आहे. सासरे खातेदार आहेत म्हणून अनुदान त्यांचं होत नाही. अर्जदार म्हणून तुमचंच नाव आणि आधार जोडलेलं तुमचं एकटीचं खातं द्या, संयुक्त खातं नको.

पतींचं बँक पासबुकही आजच तपासा. मे-जूनच्या सुमाराला २० रुपये कापले असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, ४३६ कापले असतील तर जीवन ज्योती. दोन्हींत २ लाखांचं संरक्षण असतं आणि सर्पदंशाला सुरक्षा विम्यात दवाखान्याची तात्काळ नोंद पुरावा म्हणून चालते. शासनाच्या दुसऱ्या खात्याच्या अपघात योजनेतून लाभ घेतला असेल तर मुंडे योजनेचं अनुदान नाकारलं जाऊ शकतं, पण स्वतः हप्ता भरलेल्या विम्याला ती अट लागू नये असं माझं मत आहे. प्रतिज्ञापत्रात मात्र ते लपवू नका. बँकेतही उशीर झालेलाच आहे, तेव्हा शाखा व्यवस्थापकांना दावा अर्ज आणि विलंबाचं तेच तारखावार निवेदन एकाच दिवशी द्या, आणि तिथंही पोच घ्या.