लाइट गेली की अ‍ॅक्सेस पॉइंटचं घड्याळ १९७० वर का जातं?
मालवणच्या होमस्टेत रात्री अकराला वायफाय बंद व्हायला हवं, ते भरदुपारी होतं, असं तुम्ही लिहिलंय. डबा, म्हणजे वायफाय पसरवणारा तुमचा अ‍ॅक्सेस पॉइंट, बिघडलेला नाही. स्वस्त अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये घड्याळ जपणारी बॅटरी सहसा नसतेच. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको, आणि दर वेळी याची वेळ पुसली जाते. मग घड्याळ शून्यापासून, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून, मोजायला लागतं आणि वायफाय त्या चुकीच्या वेळेनुसार बंद होतं.

सेटिंगमध्ये सिस्टम किंवा टाइम शोधा, एनटीपी (इंटरनेटवरून वेळ आपोआप घेण्याची सोय) चालू करा, सर्व्हरच्या जागी 'इन.पूल.एनटीपी.ऑर्ग' इंग्रजी अक्षरांत टाका. टाइम झोन +५:३०, डेलाइट सेव्हिंग बंद.

एवढं करूनही बहुतेकांचं इथे अडतं: अ‍ॅक्सेस पॉइंटला हाताने आयपी (नेटवर्कमधला पत्ता) दिलेला असतो, पण गेटवे (बाहेर इंटरनेटकडे जाण्याची वाट) आणि डीएनएस (सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारा) यांच्या जागा रिकाम्या. पाहुण्यांचे फोन मजेत चालतात, कारण त्यांना हे पत्ते मुख्य राउटर देतो. डबा स्वतः मात्र इंटरनेटपर्यंत पोचत नाही. दोन्ही ठिकाणी मुख्य राउटरचा आयपी भरा. तरीही वेळ आली नाही तर राउटरच्या फायरवॉलमध्ये (ये-जा अडवणाऱ्या सेटिंगमध्ये) बाहेर जाणारा यूडीपी पोर्ट १२३, म्हणजे एनटीपीची वाट, अडवलाय का बघा.

लाइट आल्यावर राउटरला नेट मिळेपर्यंत वेळ चुकीचीच दिसेल, थोडं थांबा. दोन्ही डबे छोट्या यूपीएसवर टाकलेत तर उत्तम. वेळ हाताने लावत बसू नका, पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच.