७०० अश्वशक्तीच्या ट्रॅक (शर्यतीच्या रस्त्यावरच्या) गाडीत ताकद फक्त मागच्याच चाकांना का? फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद, का देत नाहीत?

फोर-व्हीलने सुटताना पकड मिळते, पण त्याचं वजन मग प्रत्येक वळणावर अन् प्रत्येक ब्रेकला वाहावं लागते, म्हणून मुख्यतः ट्रॅकसाठी केलेल्या बऱ्याच गाड्यांत ते टाळतात. मी यवतमाळकडे ट्रॅक्टर दुरुस्त करतो, चाक जागीच फिरणं रोजचंच. काळ्या ओल्या मातीत नांगर रुतला की आम्ही मागच्या टायरात पाणी भरून वजन वाढवतो. ट्रॅक्टरला ते चालते. त्याला कुठं दोनशेच्या वेगात वळायचं आहे! पोर्शे ९११ जीटी२ आरएस (२०१७) पाहा: ७०० अश्वशक्ती, १,४७० किलो, ताकद फक्त मागे. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे, म्हणजे भार आधीच त्या चाकांवर, अन् ॲक्सिलरेटर दाबला की आणखी मागे सरकतो. त्यात मोठा स्पॉयलर, म्हणजे मागं लावलेला पंख. वेग वाढला की हवाच गाडी खाली दाबते, किलो न वाढवता टायरात पाणी भरल्यासारखं. पुढच्या टायरांना मग वळवायचं अन् ब्रेक झेलायचं एवढंच काम उरते.

मात्र पाऊस असेल किंवा जागेवरून सुटायचं असेल तर फोर-व्हीलच भारी. २०२० ची फोर-व्हीलवाली ९११ टर्बो एस ६५० अश्वशक्तीची, १,६४० किलोची, तरी शून्य ते शंभर २.७ सेकंदात जाते. जीटी२ आरएसला २.८ लागतात.