मुंबईत नोकरी लागली, पण भाड्याचं बजेट तुटपुंजं. घर कुठे शोधावं?
ऑफिस दादर-सीएसएमटीकडे असेल तर बदलापूर, टिटवाळा बघा. तिथूनच सुटणाऱ्या लोकल आहेत, नशीब असेल तर बसायलाही मिळतं. वांगणी-शेलू आणखी स्वस्त, पण तिथे फक्त कर्जत-खोपोलीच्या गाड्या. एक चुकली की लेटमार्क ठरलेला. स्टेशनपासून लांबचं घर असेल तर शेअर रिक्षाचे दोन्ही वेळचे पैसे भाड्यात मिळवूनच तुलना करा.

पाणी किती वाजता येतं हे एजंटला नव्हे, शेजाऱ्यांना विचारा. टँकरची वर्गणी कोण भरणार ते करारात लिहून घ्या, उन्हाळ्यात भांडणं त्यावरूनच होतात. डिपॉझिट, पहिलं भाडं आणि बहुतेकदा महिन्याभराची दलाली एकदमच द्यावी लागते. आणि हो, ११ महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो.